काचबिंदूच्या फाइलमध्ये काय लिहिलेलं असतं?

‘ओडी ६/९, ओएस ६/६. आयओपी १८, २६. सी:डी ०.५, ०.८. ॲडव्हाइज एचव्हीएफ.’

डोळ्यांच्या दवाखान्यातून निघताना हातात पडणाऱ्या केसपेपरवर साधारण अशी एखादी ओळ असते. घरी आल्यावर कुणीतरी ती वाचून बघतं, एका डोळ्याला सहापैकी सहा मिळालेत म्हणून त्याबाबत निर्धास्त होतं आणि दुसऱ्या डोळ्याच्या चष्म्याचा विचार सुरू करतं. कागद फाइलमध्ये जातो. खरं तर या ओळीतला काळजी करण्याजोगा डोळा डावा आहे, म्हणजे ज्याला सहापैकी सहा मिळाले तोच.

ही ओळ आपली आपल्याला वाचता यावी, एवढ्यासाठी हा लेख आहे. भारतात चाळिशीच्या पुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा २०१० साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. वस्त्यांमध्ये जाऊन केलेल्या तपासण्यांत ज्यांना काचबिंदू सापडला, त्यांतल्या बहुतेकांना तोवर त्याचा पत्ताच नव्हता. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते, आणि ती राखण्याचं काम पुढची वीस-तीस वर्षं चालतं. एवढ्या काळात डॉक्टर बदलतात, गाव बदलतं, सोबत येणारा मुलगा परगावी जातो. फाइल तेवढी तुमच्याजवळ राहते. त्या फाइलमधला कुठलाही आकडा सुटा वाचायचा नाही, ही एक गोष्ट पक्की धरली तर अर्धं काम झालं. प्रत्येक आकडा शेजारच्या आकड्याबरोबर आणि त्याच डोळ्याच्या मागच्या वर्षीच्या आकड्याबरोबर ठेवूनच बघायचा.

आधी डावं-उजवं

‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा, ‘ओएस’ म्हणजे डावा आणि ‘ओयू’ म्हणजे दोन्ही. ही लॅटिन आद्याक्षरं आहेत. काही दवाखान्यांत सरळ ‘आरई’, ‘एलई’, ‘बीई’ असं लिहितात, ते बरं. कारण फिजिशियनच्या चिठ्ठीत ‘ओडी’चा अर्थ ‘दिवसातून एकदा’ असा होतो, आणि थेंबांच्या चिठ्ठीवर हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी येऊ शकतात. उजव्या डोळ्याचा थेंब महिनोन्महिने दोन्ही डोळ्यांत जाणं किंवा दोन्ही डोळ्यांचा थेंब डाव्यात न जाणं, हे अशा घोळातून घडतं. ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘क्यूआयडी’ चारदा, ‘एचएस’ रात्री झोपताना. दवाखान्यातून निघण्याआधीच विचारून घ्या आणि बाटलीच्या खोक्यावर मार्करने मोठ्ठं ‘उजवा’ किंवा ‘डावा’ लिहा.

आता ६/६. वरचा सहा म्हणजे तक्ता सहा मीटरवर आहे. खालचा आकडा म्हणजे ती ओळ निरोगी डोळा किती मीटरवरून वाचतो. ६/६० याचा अर्थ, जे अक्षर इतरांना साठ मीटरवरून दिसतं त्यासाठी तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्यांच्या कागदावर हेच फुटांत येतं: २०/२० म्हणजे आपलं ६/६, आणि २०/४० म्हणजे ६/१२. शेजारी ‘पीएच’ लिहून दुसरा आकडा असेल तर तो बारीक भोकातून बघताना मिळालेला. भोकातून नीट दिसत असेल तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबरचा असतो. नजर तक्त्याच्या पलीकडे गेली की आकडे संपतात आणि अक्षरं येतात: ‘सीएफ’ म्हणजे बोटं मोजता येतात, ‘एचएम’ म्हणजे हाताची हालचाल कळते, ‘पीएल’ म्हणजे फक्त उजेड कळतो आणि ‘एनपीएल’ म्हणजे तोही नाही.

या तक्त्यावर फक्त समोरची, अगदी मधली नजर मोजली जाते. काचबिंदू बहुतेक वेळा कडेची नजर आधी खातो आणि मधली शेवटी. म्हणून वर्तमानपत्र घडाघड वाचणाऱ्या, ६/६ मिळवणाऱ्या माणसाचा काचबिंदू बराच पुढे गेलेला असू शकतो. चष्म्याच्या दुकानात ‘डोळे तपासले, सगळं ठीक आहे’ असं सांगितलं जातं, ते चष्म्यापुरतं खरं असतं.

प्रेशर

‘आयओपी’ म्हणजे डोळ्याच्या आतला दाब. बोलताना आपण नुसतं ‘डोळ्याचं प्रेशर’ म्हणतो. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर पडत असतं. अश्रूंशी या पाण्याचा संबंध नाही. निचरा कमी पडला की दाब वाढतो. साधारणपणे १० ते २१ ही नेहमीची पातळी धरतात, आणि ती पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. हाताला पट्टा बांधून मोजतात ते ब्लडप्रेशर वेगळं. बीपीची गोळी नियमित घेतली म्हणून डोळ्याचं प्रेशर आटोक्यात आहे, असं समजू नका.

कागदावर आकड्याशेजारी ‘एनसीटी’ आहे की ‘जीएटी’, ते जरूर बघा. एनसीटी म्हणजे हवेचा झोत मारणारं यंत्र. झटपट चाळणीसाठी ते चांगलं, पण डोळे घट्ट मिटले, श्वास रोखला, तरी आकडा वर जातो. जीएटी म्हणजे गोल्डमन पद्धत: डोळ्यात बधिर करणारा थेंब आणि पिवळा रंग टाकतात आणि निळ्या उजेडातलं एक टोक बुबुळाला हलकेच टेकवतात. काचबिंदूच्या उपचारात हाच आकडा प्रमाण मानतात. एनसीटीवर २४ आणि पुढच्या वेळी जीएटीवर १९ आलं, तर त्याला ‘औषधाने पाच उतरलं’ म्हणता येत नाही, कारण माप बदललं आहे. आणखी एक: एनसीटीची ती लहानशी चिठ्ठी बऱ्याचदा थर्मल कागदावर असते. वर्षभरात ती कोरी पडते. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

‘सीसीटी’ किंवा ‘पॅकिमेट्री’ म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, कॉर्नियाची जाडी. ५२० ते ५४० मायक्रॉनच्या आसपास असेल तर ती सर्वसाधारण. कॉर्निया जाड असेल तर प्रेशर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि पातळ असेल तर कमी दिसतं. लेसिक करून चष्मा घालवलेल्यांचा कॉर्निया पातळ झालेला असतो. त्यांनी पन्नाशीत प्रेशर तपासताना ते ऑपरेशन झाल्याचं स्वतःहून सांगावं, नाहीतर १६ हा आकडा बघून सगळेच गाफील राहतील.

मुळात ‘प्रेशर नॉर्मल’ म्हणजे ‘काचबिंदू नाही’ असं होत नाही. २१ च्या आत प्रेशर असूनही दृष्टीची नस खराब होते, त्याला ‘एनटीजी’ म्हणतात, आणि भारतातल्या पाहण्यांत असे रुग्ण बरेच सापडले आहेत. उलट बाजूने, प्रेशर २४-२५ असून नस आणि फील्ड, म्हणजे नजरेचा पसारा, दोन्ही धडधाकट असतील तर कागदावर ‘ओएचटी’ लिहितात. हा काचबिंदू नव्हे, त्याची शक्यता आहे. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा लोकांत औषधाविना पाच वर्षांत ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, औषध घेणाऱ्यांत ४.४ टक्क्यांना. म्हणजे औषधाचा फायदा आहेच, पण औषध न घेणाऱ्या दहांतल्या नवांनाही त्या पाच वर्षांत काही झालं नाही. अशा वेळी डॉक्टर ‘नुसतं लक्ष ठेवू’ म्हणाले, तर त्याला हलगर्जीपणा समजू नये.

आजार ठरला की डॉक्टर तुमच्यापुरता एक आकडा ठरवतात, तो ‘टार्गेट प्रेशर’. कुणाचा १८, तर कुणाचा १२. नुकसान जितकं जास्त, तितका तो खाली. शेजारच्या काकूंचं १७ ‘छान’ आणि तुमचं १७ ‘जास्त’ असं असू शकतं. हा आकडा डॉक्टरांना विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नस

दृष्टीची नस डोळ्याला मागून जिथे मिळते, तिथे आत बघितलं की एक फिकट गुलाबी चकती दिसते. ती ‘डिस्क’. तिच्या मधोमध एक खळगा असतो, तो ‘कप’. खळग्याची उभी लांबी भागिले चकतीची उभी लांबी म्हणजे ‘सी:डी रेशो’ किंवा ‘सीडीआर’. ०.३-०.४ हे नेहमीचं. ०.७ च्या पुढे गेलं की शंका येते. दोन डोळ्यांत ०.२ हून जास्त तफावत असेल, तर आकडे लहान असले तरी शंका येते. आपल्या पहिल्या ओळीत ०.५ आणि ०.८ होतं. डावा डोळा खटकला तो इथे, आणि शेजारचं २६ प्रेशर वाचल्यावर आणखी खटकला.

काहींची चकतीच मोठी असते, म्हणून खळगाही जन्मापासून मोठा असतो. त्यांच्या कागदावर ‘फिजिऑलॉजिकल कप’ किंवा ‘लार्ज डिस्क’ असं येतं. ‘सस्पेक्ट’ हा शब्दही याच भागात भेटतो. ‘ग्लॉकोमा सस्पेक्ट’ म्हणजे पुरावा अपुरा आहे, पण नाव यादीत ठेवलं आहे. घाबरायचं कारण नाही, पण तारखा चुकवायच्या नाहीत. ‘नॉच’ किंवा ‘डिस्क हेमरेज’ असे शब्द आले तर मात्र ते नेमकं कुठे आहे आणि मागच्या वेळी होतं का, हे विचारा. चकतीच्या कडेला बारीक रक्तस्राव दिसणं हे आजार पुढे सरकत असल्याचं लक्षण मानतात.

‘ओसीटी’ म्हणजे याच नसेच्या तंतूंची जाडी मोजणारं छायाचित्रण. त्यात ‘आरएनएफएल’ शोधा. सरासरी ९०-१०० मायक्रॉनच्या घरात असली तर साधारण ठीक. रिपोर्टवर हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात, आणि लोक रंग बघून घाबरतात किंवा निवांत होतात. यंत्रात आधी साठवलेल्या निरोगी लोकांच्या मापांशी तुमचं माप ताडून हे रंग दिले जातात. ज्यांचा उणे नंबर मोठा आहे, त्यांच्या डोळ्याची ठेवणच वेगळी असते. त्यांना काचबिंदू नसतानाही लाल रंग येऊ शकतो. ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ कमी असेल, म्हणजे मोतीबिंदूमुळे किंवा कोरड्या डोळ्यामुळे चित्र धूसर आलं असेल, तरी जाडी कमी दाखवली जाते. आणि आजार फार पुढे गेला की पन्नासेक मायक्रॉनच्या खाली आकडा सहसा उतरतच नाही. त्या टप्प्यावर ‘ओसीटी स्थिर आहे’ याला फारसा अर्थ उरत नाही, तिथे फील्डवरच भिस्त ठेवावी लागते.

फील्ड

पहिल्या ओळीतलं ‘एचव्हीएफ’ म्हणजे हम्फ्रीच्या यंत्रावरची फील्ड टेस्ट. काचबिंदूच्या तपासण्यांत रुग्णाला सगळ्यात नकोशी वाटणारी हीच, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचीही हीच. नस किती झिजली ते बाकीच्या तपासण्या सांगतात, पण त्या झिजण्याने तुमचं जग किती कमी झालं हे फक्त ही सांगते.

अंधाऱ्या खोलीत एका डोळ्यावर पट्टी बांधून हनुवटी टेकवायची. समोर पांढरा गोलाकार वाडगा आणि मध्ये एक दिवा. नजर त्या दिव्यावर, हातात एक बटण. आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपके हळूहळू इतके मंद होतात की दिसला की भास झाला हेच कळेनासं होतं, आणि आपण नापास होतोय असं वाटायला लागतं. तसं काही नसतं. यंत्र मुद्दामच दिसण्या-न-दिसण्याच्या सीमेवरचे ठिपके दाखवत राहतं, त्यामुळे निरोगी माणसालाही बरेच ठिपके दिसत नाहीत. पापणी मिटायला मनाई नाही. थकलात तर बटण दाबून धरा, यंत्र थांबतं. एवढं कुणी आधी सांगत नाही, म्हणून पहिली टेस्ट बहुतेकांची वाईट येते. दुसरी-तिसरी सुधारते, ती सवयीने. पहिल्याच फील्डवरून ऑपरेशनची भाषा झाली, तर ‘एकदा पुन्हा करून बघूया का’ असं विचारायला संकोच करू नका.

कागद हातात आल्यावर आधी काळं-करडं चित्र बघू नका, वरचा डावा कोपरा बघा. तिथे ‘फिक्सेशन लॉसेस’, ‘फॉल्स पॉझिटिव्ह’, ‘फॉल्स निगेटिव्ह’ असतात. पहिलं म्हणजे नजर मधल्या दिव्यावरून किती वेळा हलली. दुसरं म्हणजे ठिपका नसतानाही किती वेळा बटण दाबलं गेलं. फिक्सेशन लॉसेस वीस टक्क्यांच्या वर किंवा फॉल्स पॉझिटिव्ह पंधराच्या वर असतील, तर ती टेस्ट विश्वासार्ह धरत नाहीत. भराभरा बटण दाबणाऱ्याचं फील्ड आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं, आणि हे जास्त धोक्याचं.

मग ‘२४-२’ की ‘१०-२’. पहिली मधल्या २४ अंशांपर्यंतची, दुसरी अगदी मधल्या १० अंशांची, जास्त बारकाईची. डॉक्टर २४-२ वरून १०-२ वर आले, तर मधल्या नजरेला धक्का लागतोय का, हे त्यांना बघायचं आहे. ‘एमडी’ हा मुख्य आकडा. निरोगी डोळ्यात तो शून्याच्या आसपास असतो, आणि नुकसान वाढलं की उणे होत जातो. उणे ६ पर्यंत सौम्य, उणे ६ ते उणे १२ मध्यम आणि त्यापलीकडे तीव्र, अशी ढोबळ वाटणी आहे. ‘व्हीएफआय’ हे टक्क्यांत येतं, १०० म्हणजे पूर्ण. ‘जीएचटी’समोर ‘आउटसाइड नॉर्मल लिमिट्स’ असेल, तर वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागांत संशयास्पद फरक आहे. काचबिंदूचं नुकसान बरेचदा वर किंवा खाली कमानीसारखं पसरतं, म्हणून ही तुलना करतात. नुसता वरचा भाग काळा आला असेल तर लोंबणारी पापणी आणि चष्म्याची कड यांचाही विचार होतो. आणि त्या चित्रात कडेला एक काळा ठिपका प्रत्येकाचा असतो. नस जिथे शिरते तिथे कुणालाच दिसत नाही.

‘एमडी उणे ४’ हा आकडा चांगला की वाईट, असं विचारलं तर त्याला उत्तर नाही. तीन वर्षांपूर्वीही उणे ४ असेल तर उत्तम चाललं आहे. तेव्हा उणे १ असेल तर उपचार वाढवायला हवेत. सगळी फील्ड्स तारखेप्रमाणे लावून ठेवा. नव्या डॉक्टरकडे जाताना बाकी काही राहिलं तरी चालेल, पहिलं फील्ड आणि पहिला ओसीटी राहू देऊ नका.

ओपन की क्लोज्ड

फाइलमध्ये ‘पीओएजी’ किंवा ‘पीएसीजी’ यातलं एक असतं, आणि आपल्याला कुठला काचबिंदू आहे हे प्रत्येक रुग्णाला माहीत असायलाच हवं. मोरीचं पाणी दोन कारणांनी तुंबतं: जाळीच आतून बुजत आली, किंवा जाळीवर फडकं येऊन बसलं. पहिला प्रकार ओपन अँगल. कोन उघडा दिसतो, पण जाळीतून निचरा होत नाही. दुसरा अँगल क्लोजर: डोळ्यातला रंगीत पडदा पुढे सरकून कोन झाकतो. दुसरा प्रकार लहान डोळ्यांत, अधिक नंबर असलेल्यांत आणि बायकांत जास्त. यातलं कुठलं ते कळण्यासाठी डोळ्यावर आरसे असलेलं भिंग टेकवून कोन बघतात, ती ‘गोनिओस्कोपी’. फाइलमध्ये ‘गोनिओ’ची नोंदच नसेल तर तपासणी अपुरी आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

‘पीएसीएस’ म्हणजे कोन अरुंद आहे, अजून नुकसान नाही. अशांच्या रंगीत पडद्याला लेजरने बारीक भोक पाडतात, तो ‘वायएजी पीआय’. पूर्वी तो सरसकट सुचवला जाई. चीनमधल्या ग्वांगझूत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, न केलेल्यांतही पुढे त्रास होणारे थोडेच निघाले. त्यामुळे आता माणूस बघून ठरवतात. मोठं गाव लांब असेल, घरात कुणाला हा आजार असेल, मधुमेहामुळे बाहुली वरचेवर मोठी करावी लागत असेल, तर डॉक्टर करून घ्या म्हणण्याची शक्यता जास्त. कोन बंद असलेल्या काचबिंदूत कधी कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन सुचवतात, त्यानेही गोंधळू नका. डोळ्यातलं जाड झालेलं भिंग काढलं की कोनाला जागा मिळते, हे २०१६ च्या एका अभ्यासानंतर चांगलंच मान्य झालं आहे.

कोन एकाएकी बंद झाला की प्रेशर काही तासांत चाळीस-पन्नासच्या पुढे जातं. डोळा लाल, अर्धं डोकं ठणकणं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं, धूसर दिसणं आणि उलट्या. उलट्या आहेत म्हणून पित्त समजून घरी रात्र काढली जाते, आणि त्या एका रात्रीत डोळा जाऊ शकतो. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही.

सर्दीच्या, अर्धशिशीच्या, मानसिक आजाराच्या काही औषधांच्या माहितीपत्रकावर ‘काचबिंदू असल्यास घेऊ नये’ असं छापलेलं असतं. तो इशारा मुख्यतः अरुंद कोनवाल्यांसाठी आहे. तुमचा प्रकार तुम्हाला माहीत असेल तर डॉक्टरांना फोनवर एका वाक्यात विचारता येतं.

थेंब

नावं ब्रँडची असतात, पण खाली बारीक अक्षरांत औषध असतं, ते वाचा. ‘प्रॉस्ट’ने संपणारी, म्हणजे लॅटानोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बिमाटोप्रॉस्ट, ही सहसा रात्री एकदा. डोळे थोडे लाल होतात, पापण्यांचे केस वाढतात. टिमोलॉल दमेकऱ्यांना आणि नाडीचे ठोके मंद असणाऱ्यांना घातक ठरू शकतं. थेंब डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात जातो. जोडऔषधांच्या नावात शेवटी येणारा ‘टी’ बहुतेकदा याचाच. ब्रिमोनिडिनने तोंड कोरडं पडतं आणि पेंग येते, तान्ह्या मुलांना ते देत नाहीत. डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड हे त्याच कुळातले, ज्यातली ॲसिटाझोलामाइडची गोळी. त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

थेंब एकच पुरतो. टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दीड-दोन मिनिटं बोटाने दाबून धरा, म्हणजे औषध डोळ्यात राहतं आणि अंगात कमी जातं. दुसरा थेंब किमान पाच मिनिटांनी. तपासणीच्या दिवशी ‘आज डॉक्टरांकडेच जायचंय’ म्हणून थेंब वगळू नका, आकडा खोटा येईल.

‘स्टेरॉइड रिस्पॉन्डर’ हा शब्द फाइलवर दिसला तर तो ठळक अक्षरांत लिहून ठेवा. प्रेडनिसोलोन, डेक्सामिथासोन, बीटामिथासोन असे स्टेरॉइडचे थेंब काही लोकांचं प्रेशर गुपचूप वाढवतात. डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून आणलेली, पटकन आराम देणारी बाटली मुलांच्या डोळ्यांत महिनोन्महिने जाते, आणि काचबिंदू होतो. चिठ्ठीवर पंधरा दिवस लिहिलेले असतील तर सोळाव्या दिवशी बाटली टाकून द्यावी. अंगाला लावायची मलमं, दम्याचे पंप, सांध्यातली इंजेक्शनं यांतही स्टेरॉइड असू शकतं. ते चालू असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा.

‘लेजर झालं’, पण कुठलं?

रुग्ण सांगतात, ‘माझं लेजर झालंय.’ यातून नव्या डॉक्टरला काहीच कळत नाही. रंगीत पडद्याला भोक पाडणारं ‘पीआय’ वेगळं. ओपन अँगलमध्ये जाळीवर करतात ते ‘एसएलटी’ वेगळं. ब्रिटनमधल्या २०१९ च्या अभ्यासात सुरुवातीलाच एसएलटी केलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. म्हणून आता हा पर्याय लवकर सुचवला जातो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागची पिशवी धूसर होते, तिला ‘पीसीओ’ म्हणतात. ती साफ करणारं ‘वायएजी कॅप्सुलोटॉमी’ हे तिसरं. आणि मधुमेहात डोळ्याच्या मागच्या पडद्यावर करतात ते ‘पीआरपी’ चौथं. कुठलं, कुठल्या डोळ्याला, कधी, एवढं एका ओळीत लिहून ठेवा.

शस्त्रक्रियेचंही तसंच. ‘ट्रॅब’ म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टमी, पाण्याला नवी वाट. तिने वरच्या पापणीखाली जो फुगवटा येतो तो ‘ब्लेब’. तो डोळा पुढे कधीही लाल झाला, चिकट पाणी आलं तर त्याच दिवशी दाखवायचं. नळी बसवली असेल तर ‘ट्यूब’, ‘अहमद’ किंवा मदुराईच्या ऑरोलॅबची ‘आडी’ असं लिहिलेलं असेल. यातल्या कशानेही गेलेली नजर येत नाही. प्रेशर उतरतं, आणि हेतू तोच असतो.

मोतीबिंदूची नोंद ‘एनएस’ पुढे एक ते चार अशा आकड्याने येते: आकडा मोठा तितका तो कडक. ‘पीएससी’ म्हणजे भिंगाच्या मागच्या बाजूचा, उन्हात जास्त त्रास देणारा. ‘फेको’मध्ये मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडतात, लेजरने नव्हे. ‘पीसीआयओएल’ म्हणजे नवं भिंग बसवलेलं आहे. काचबिंदू पुढे गेलेला असेल तर मल्टिफोकल भिंग सहसा टाळतात, कारण आधीच फिकट झालेलं चित्र त्याने आणखी फिकट होतं. पॅकेज ठरवताना तुमचं फील्ड समोर ठेवायला सांगा.

मधुमेहींच्या कागदावर ‘एनपीडीआर’ म्हणजे पडद्यावर सुरुवातीचे बदल, ‘पीडीआर’ म्हणजे नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या, आणि ‘डीएमई’ म्हणजे मध्यभागी सूज. त्या नव्या रक्तवाहिन्या पुढच्या कोनात पोचल्या की ‘एनव्हीजी’, काचबिंदूचा सर्वांत हट्टी प्रकार. ‘एआरएमडी’ हा म्हातारपणचा मधल्या पडद्याचा आजार. त्यात काचबिंदूच्या उलट मधली नजर आधी जाते, आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. अचानक काळे ठिपके, विजा चमकल्यासारखं दिसणं आणि कडेने पडदा ओढल्यासारखं वाटणं, हे ‘आरडी’, म्हणजे पडदा सुटल्याचं लक्षण असू शकतं. त्याला त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.

शेवटचा शब्द ‘एफ/एच’, फॅमिली हिस्टरी. फाइलमधला हा रकाना बऱ्याचदा रिकामा असतो, कारण ‘आजोबांना म्हातारपणी दिसत नव्हतं’ यापलीकडे कुणाला माहिती नसते. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत काचबिंदू असेल तर आपला धोका कितीतरी पटींनी वाढतो. तुमच्या फाइलवर हे नाव पडलं असेल तर चाळिशी ओलांडलेल्या भावा-बहिणींना आणि मुलांना आजच फोन करा. त्यांना म्हणावं, चष्म्याच्या दुकानात नको, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन प्रेशर, कोन आणि बाहुली मोठी करून नस, तिन्ही तपासून घ्या. बाहुली मोठी केल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवायला कुणालातरी सोबत न्या.